शाळेच्या दिवशीच पोट का दुखतं? मुलांच्या मनात चिंता येते कुठून?

चिमणचारा (धागाकर्ती)

मुलगी आठ वर्षांची आहे. गेले दोन महिने शाळा असली की सकाळी तिचं पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, चाचण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. रात्री अंथरुणात शिरली की प्रश्न सुरू होतात. "तू घ्यायला आली नाहीस तर? मला वर्गात उलटी झाली तर? बाईंनी माझंच नाव घेतलं तर?" एका 'तर'चं उत्तर देऊन होत नाही तोवर दुसरा 'तर' तयार असतो.

घरात मारहाण नाही, भांडणं नाहीत, मार्कांचा तगादा नाही. मोठा मुलगा याच घरात वाढला आणि तो अगदी बिनधास्त आहे. मग हिच्या मनात हे आलं कुठून? माझं काय चुकलं, हा एकच प्रश्न दिवसभर डोक्यात भुंग्यासारखा फिरतो. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कुंपण

शाळेत काहीतरी घडलंय. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही म्हणजे उत्तर तिथेच आहे. माझ्या भाच्याला मागच्या बाकावरचा मुलगा रोज चिमटे काढायचा. तीन महिने त्याने घरी चकार शब्द काढला नाही.

आबा

मी जुन्या पिढीतला माणूस. आम्ही पाच भावंडं. पोट दुखतं म्हटलं तरी शाळेत जावंच लागायचं आणि दुपारपर्यंत दुखणं विसरायला व्हायचं. हल्ली मुलांना फार विचारलं जातं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जितकं विचाराल तितकं ते मोठं होतं. राग मानू नका, काळजीपोटी लिहितोय.

प्राजक्ता_१२

धागा वाचतेय. आमच्याकडे सहा वर्षांचा आहे, तोच 'तर' आहे.

एकटा_ढग

आबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. ज्याला कोणीच विचारलं नाही असा मुलगा मी होतो.

नऊ वर्षांचा असताना वर्गात बसल्या बसल्या मला वाटायचं की आत्ता घराला आग लागली असेल. मग मी खिडकीचे गज मोजायचो. गज सम संख्येत भरले तर घर सुरक्षित. रोज तेवढेच असायचे, तरी रोज मोजायचो. फळ्यावरचं काहीच डोक्यात शिरत नसे. पण मी गप्प असायचो, वह्या नीटनेटक्या असायच्या, कारण चूक झाली तर काय, याचाही धसका होता. त्यामुळे सगळे मला 'किती शहाणा मुलगा' म्हणायचे. पोट माझंही दुखायचं. शाळेत पाठवायचे आणि मी जायचो, पण ते दुपारी विसरलं जात नव्हतं. मी सांगणं बंद केलं होतं, एवढंच.

हे सगळं पहिल्यांदा बोललो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, तेही डॉक्टरांसमोर. चिंता तेव्हाही मुलांना होती. तिला नाव नव्हतं, आणि शांत मुलाकडे कोणाचं लक्ष जात नव्हतं.

डॉ_मामा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करणार नाही, पण पाहण्यातलं लिहितो.

आधी पोटाबद्दल. हे दुखणं खरं असतं, ते नाटक नाही. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला शरीराला 'पळ किंवा लढ' असा इशारा देतो. हृदय जोरात धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं, ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. 'पोटात गोळा येणं' आपण उगाच म्हणत नाही. लहान मुलाकडे 'मला काळजी वाटतेय' हे शब्द नसतात, त्याच्याकडे पोट असतं. कधी डोकेदुखी, कधी चिडचिड. चिडकं म्हणून ओरडा खाणारी कितीतरी मुलं आतून घाबरलेली असतात.

दुसरं, काही भीती त्या त्या वयाच्याच असतात. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला बघून रडतं, आई खोलीबाहेर गेली की आकांत करतं. ती वाढीचीच खूण आहे. तीन ते सहाच्या दरम्यान अंधार, राक्षस, मोठे प्राणी. शाळेच्या वयात आजारपण, मरण, वादळ, बाईंचा राग. किशोरवयात 'लोक काय म्हणतील'. भीती असण्याचं मला काही वाटत नाही. तिच्यामुळे झोप, शाळा, खेळ, मैत्री यातलं काही आठवडेच्या आठवडे बंद पडायला लागलं, तर मात्र लक्ष घालावं लागतं.

आणि 'एकाच घरातली दोन मुलं वेगळी का' याबद्दल. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून, पाठ ताठ करून रडायचं. पुढे हीच मुलं जास्त बुजरी निघण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक होती. चार महिन्यांच्या बाळाला कोणी मार्कांसाठी रागावलेलं नसतं! म्हणजे काही मुलं जन्मतःच पातळ कातडीची येतात. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश किंवा थोडा जास्त दिसतो. उरलेला वाटा मोठा आहे, हेही लक्षात घ्या.

शरीराची कारणं तपासून घ्यावीत, थायरॉइड, अपुरी झोप, कॅफीनची पेयं. दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतात, छाती धडधडते आणि मूल त्यालाच घाबरतं.

रानवाट

डॉक्टर, 'जन्मतःच' म्हटलं की पालक हात झटकतात. "तिचा स्वभावच तसा आहे" हे वाक्य मी माझ्या लहानपणी इतकं ऐकलंय की आजही कानात वाजतं.

डॉ_मामा

रानवाट, तुमचा आक्षेप योग्य आहे, मी अर्धंच लिहिलं. केगन यांची ती मुलं मोठी होईपर्यंत पाहिली गेली आणि त्यातली बरीच पुढे फारशी बुजरी राहिली नाहीत. स्वभाव म्हणजे माती. काय उगवेल हे फक्त मातीवर ठरत नाही.

तिसरा_बाक

आमच्याकडचा 'तर' सांगतो. मुलगा सात वर्षांचा. एका रात्री गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाबा, झोपेत श्वास घ्यायला विसरलो तर?" मी फुप्फुसं, मेंदू, सगळं समजावत बसलो. पाच वर्षांची बहीण म्हणाली, "दादा, तू झोप. मी जागी राहते आणि तुला आठवण करते." दोन मिनिटांत ती घोरायला लागली. तिचं घोरणं ऐकून तो इतका हसला की त्यालाही झोप लागली.

रानवाट

तिसरा_बाक, हसले, पण हेच आमच्या घरात वेगळ्या वळणाने गेलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मुलगा साडेचार वर्षांचा होता. त्याला काय सांगावं ते सुचेना, म्हणून कोणीतरी सांगितलं, "आजी झोपली आहे, आता उठणार नाही." पंधरा दिवसांनी तो झोपेनासा झाला. आम्ही पलंग बदलला, दिवा लावून ठेवला. कारण आमच्या लक्षातच येईना. एके दिवशी दुपारी मला डुलकी लागली तर किंचाळत येऊन त्याने माझ्या पापण्या बोटांनी उघडल्या. तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं.

त्याला मग साध्या शब्दांत सांगितलं, की आजीचं शरीर खूप आजारी होतं आणि चालायचं थांबलं, झोप वेगळी आणि मरण वेगळं. चार-पाच वेळा सांगावं लागलं, आणि हळूहळू झोप परत आली. आपण मुलांना वाचवायला म्हणून जे अर्धवट सांगतो, त्यातला उरलेला अर्धा भाग ती स्वतः भरतात. आणि त्यांनी भरलेला भाग खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

अंगणवेल

रानवाट, डोळ्यांत पाणी आलं.

शब्दांवरून माझंही थोडं. 'बागुलबुवा येईल', 'पोलिसाला देईन', 'तुला इथेच टाकून जाईन' हे आपल्या तोंडी किती सहज येतं. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं. बागुलबुवा कधी भेटत नाही, पण आई रोज कुठेतरी जातेच. अँडी फील्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांना कधीही न पाहिलेल्या प्राण्यांबद्दल वाईट गोष्टी सांगून पाहिल्या. प्राणी समोर नाही, काही घडलेलं नाही, फक्त ऐकलेलं. तरी मुलांच्या मनात भीती बसली. फोनवर आपण कोणाचा अपघात, कोणाचं आजारपण बोलत असतो आणि मूल शेजारी चित्र रंगवत असतं. त्याचा हात चित्रावर असतो, कान आपल्याकडे.

कुंपण

आणि बातम्या! तीच दृश्यं दिवसभर. लहान मुलाला वाटतं की ते पुन्हा पुन्हा घडतंय. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच देशभर पाहणी झाली. त्यात पालकांनी सांगितल्याप्रमाणे ४७ टक्के मुलांना स्वतःच्या किंवा जवळच्यांच्या जिवाची काळजी वाटत होती. त्यातली बहुतेक मुलं घटनेपासून शेकडो मैल दूर होती.

माझ्या मते आजच्या चिंतेचं मुख्य कारण मोबाइल आहे. बाकी सगळं दुय्यम.

डॉ_मामा

बातम्यांबद्दल सहमत. मोबाइलबद्दल मी इतकं ठाम म्हणणार नाही, त्यावर संशोधकांत एकमत नाही. झोप कमी होणं, इतरांशी तुलना, ऑनलाइन छळ हे किशोरवयात खरं आहे. पण या धाग्यातली मुलगी आठ वर्षांची आहे. एका कारणाला पकडलं की बाकीची शोधणं थांबतं.

प्राजक्ता_१२

मला एक कबुली द्यायची आहे. मी कुत्र्याला घाबरते. मुलाला हे कधीच सांगितलं नाही, उलट "बघ किती छान भूभू" म्हणायचे. पण कुत्रं दिसलं की त्याचा हात घट्ट धरायचे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, "आई, भूभू आला की तू माझा हात दुखवतेस." तो आता रस्ता ओलांडून पलीकडे जातो, माझ्यासारखाच.

शब्दवेडी

प्राजक्ता, हे अगदी प्रयोगातल्यासारखं आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या काचेखाली खोलगट भाग दिसत होता, म्हणजे पडू की काय असं वाटावं इतकाच. पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती. मुलं जग आधी आपल्या चेहऱ्यावर वाचतात.

थालिया एली या संशोधिकेच्या गटाने २०१५ मध्ये स्वतः जुळे असलेल्या पालकांची आणि त्यांच्या मुलांची तुलना केली. तिथेही पालकांकडून मुलांकडे चिंता जाण्यात जनुकांपेक्षा एकत्र राहण्यातून घडणाऱ्या गोष्टींचा वाटा ठळक दिसला.

चिमणचारा

सगळं वाचतेय. गेले दोन दिवस लिहवलं नाही. म्हणजे शेवटी माझ्यामुळेच ना? मी स्वतः काळजी करणारी आहे. ती शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की दारात उभी राहते. तिला ते दिसतच असणार.

शब्दवेडी

ताई, माझ्या लिहिण्याने तुम्हाला त्रास झाला, मनापासून माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं.

निळीशाई

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. चिमणचारा ताई, तुमच्यासाठीच लिहितेय.

कारण शोधणं आणि दोषी शोधणं या दोन गोष्टी रोज माझ्यासमोरच्या खुर्चीत एकमेकींत मिसळतात. आई विचारते "का झालं?" आणि ऐकते "कोणी केलं?" मूलही ते ऐकतं आणि आणखी गप्प होतं, कारण आपल्यामुळे आईला रडू येतंय हे त्याला कळतं. मी पालकांना सांगते की प्रश्न दोन आहेत. हे सुरू कशाने झालं? आणि हे अजून चालू कशाने राहिलंय? पहिल्याचं उत्तर कधी मिळतं, कधी मिळत नाही. दुसऱ्याचं जवळजवळ नेहमी मिळतं, आणि मदत तिथूनच सुरू होते.

चालू ठेवणारी गोष्ट बहुधा टाळणं असते. पोट दुखलं, घरी राहिली, दुखणं थांबलं. मेंदू काय शिकला? घरी राहिले म्हणून वाचले. उद्या तो जास्त जोरात ओरडणार. 'तर'च्या प्रश्नांचंही तसंच आहे. तुम्ही "येईन गं, नक्की येईन" म्हणता, तिला दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा विचारावं लागतं. तुम्ही हे प्रेमाने करता, प्रत्येक आई करते. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटाने फक्त पालकांबरोबर काम केलं. मुलाला थेट उपचार नाही, पालकांनी मुलाच्या चिंतेपुढे नमतं घेणं हळूहळू कमी करायचं आणि मुलावर विश्वास दाखवत राहायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांना याचा फायदा थेट उपचार घेतलेल्या मुलांइतकाच झाला. म्हणजे तुमची काळजी तिच्यापर्यंत पोचते हे खरं असेल, तर तुमचा धीरही तिच्यापर्यंत पोचतोच.

आता एक करून बघा. "का घाबरतेस?" असं विचारू नका. मुलांना 'का' माहीत नसतं, मग ती आपल्याला पटेल असं काहीतरी सांगतात. एक कागद घ्या. तिच्या शाळेच्या दिवसाची वाट काढायला सांगा. घरापासून फाटक, फाटकापासून वर्ग, प्रत्येक तास, मधली सुट्टी, परतीचा रस्ता. जिथे पोट जास्त दुखतं तिथे लाल रंग, जिथे बरं वाटतं तिथे हिरवा. तुम्ही काही बोलू नका. फक्त शेजारी बसा.

आबा

एकटा_ढग, तुझं लिहिणं मी तीनदा वाचलं. माझा धाकटा भाऊ असाच गप्प असायचा. आम्ही त्याला घुम्या म्हणायचो. तो आज नाही, म्हणून त्याला विचारता येत नाही. मी वर जे लिहिलं ते मागे घेतो.

एकटा_ढग

आबा, नमस्कार करतो.

चिमणचारा

कागद घेऊन बसलो. निळीशाई ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

फाटक हिरवं. वर्ग हिरवा. मला वाटलं होतं गणिताचा तास लाल येईल, तो पिवळा आला. मधल्या सुट्टीपाशी तिने एक छोटा चौकोन काढला आणि तो इतका लाल केला की कागद फाटला. मी गप्प बसले. मग ती म्हणाली, "इथली कडी अडकते."

शाळेतलं शौचालय. दोन महिन्यांपूर्वी ती आत असताना कडी अडकली. घंटा झाली, सगळे वर्गात गेले, ती आतच. किती वेळ ते तिला सांगता येत नाही, "खूप" म्हणते. शेवटी कडी आपोआप निघाली. कोणालाच सांगितलं नाही, कारण तासाला उशीर झाला म्हणून बाई रागावल्या होत्या आणि तिला वाटलं चूक तिचीच. तेव्हापासून ती शाळेत पाणी पीत नाही आणि घरी येईपर्यंत लघवीला जात नाही.

मोठ्या मुलाला सांगितलं तर म्हणतो, "मीपण अडकलो होतो तिथे! इतकं दार वाजवलं की शिपाईकाका धावत आले." त्याने त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांना ती गोष्ट रंगवून सांगितली होती, मला आत्ता आठवलं. तीच कडी. तो ओरडला, ही गप्प राहिली.

कुंपण

मी म्हटलं होतं शाळेत काहीतरी आहे. पण माझ्या डोक्यात मारकी मुलं होती. कडी कधीच सुचली नसती.

डॉ_मामा

लघवी आणि शौच रोखून धरल्यानेही पोट दुखतं. म्हणजे आता दोन दुखणी एकमेकांत गुंतली असतील, चिंतेचं आणि रोखून धरल्याचं. हे तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा, बद्धकोष्ठता आहे का तेही बघतील. पाणी पुन्हा सुरू करणं महत्त्वाचं.

काही आठवड्यांत फरक पडला नाही तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. या त्रासावर उपचार आहेत आणि ते चांगले तपासलेले आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. वर्तनोपचार घेतलेल्या सुमारे ६० टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, वर्तनोपचार आणि औषध दोन्ही घेतलेल्यांत सुमारे ८१ टक्के.

चिमणचारा

पण कडी कळली, आता पुढे काय? मी तिला म्हटलं, "कडी लावूच नकोस." ती म्हणाली, "मग कोणी दार उघडलं तर?" पुन्हा 'तर'!

शब्दवेडी

१९२४ सालचं एक उदाहरण आठवलं. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञांकडे पीटर नावाचा लहान मुलगा आला होता, सशाला घाबरणारा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला, मग रोज थोडा जवळ. शेवटी त्याने सशाला कुरवाळलं. 'घाबरू नकोस' असं सांगून भीती गेली नव्हती, थोडं थोडं जवळ जाऊन गेली.

निळीशाई

शब्दवेडी यांनी नेमकं सांगितलं. ताई, आधी घरातल्या कडीवर सराव करा. तुम्ही बाहेर उभ्या राहा, ती आत कडी लावेल आणि काढेल, पुन्हा पुन्हा, खेळासारखं. मग तुम्ही बाहेर नसताना. मग शाळेत मैत्रीण दाराबाहेर उभी असताना. शेवटी एकटी. पुढची पायरी कधी, ते तिला ठरवू द्या, मात्र पायरी चढायचीच हे तुम्ही ठरवा. अडकलंच तर काय करायचं तेही शिकवा, म्हणजे जोरात दार वाजवायचं आणि ओरडायचं. तिच्या दादालाच शिकवायला सांगा. शाळेशी बोला, पण तिला आधी सांगून. आणि तिला स्पष्ट शब्दांत सांगा की चूक तिची नव्हती.

अंगणवेल

दादाने शिकवण्याची कल्पना फार आवडली.

चिमणचारा

तीन आठवड्यांनी लिहितेय. दादाने ओरडायला शिकवलं, इतकं की शेजारचे विचारायला आले. घरातली कडी आता ती डोळे मिटून काढते. शाळेत मैत्रीण बाहेर उभी राहते, ही तिसरी पायरी. पाणी पिते. पोट आजही सकाळी दुखलं, पण दप्तर तिने स्वतः उचललं. रात्रीचे 'तर' कमी झालेत, गेलेले नाहीत. एक आला की मी आता विचारते, "मग तसं झालं तर तू काय करशील?" आणि थांबते. थांबणं मला अवघड जातं.

प्राजक्ता_१२

मीही एक पायरी चढले. काल शेजारच्या कुत्र्यापासून दहा पावलांवर आम्ही दोघं उभे राहिलो. हात सैल ठेवला.

एकटा_ढग

ताई, शाळेने ती कडी बदलली का?

चिमणचारा

बदलली नाही, पण मावशींनी तेल घातलं. मुलगी म्हणते, आता आवाज करते पण सुटते.